पाण्याच्या दिवशीचा वास

पोलीस खात्यातल्या नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी मी आता विसरलो आहे, आणि ज्या विसरलो त्या विसरण्याच्याच लायकीच्या होत्या. पण गटाराच्या चेंबरमध्ये माणूस गेल्याचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि दर वेळी आधी मला माझाच राग येतो. तपास मी लावला, वरिष्ठांची शाबासकीही मिळाली. पण त्या तपासाच्या पहिल्याच दिवशी मी एक गाढवपणा केला होता. तो कुठल्या कागदावर आलेला नाही, म्हणून इथं लिहितो.

शहराचं नाव घेत नाही. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या पट्ट्यातलं एक वाढतं शहर, एवढं पुरे. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहत. माणसांचीही नावं घेणार नाही. मी तेव्हा तिथल्या ठाण्याचा प्रभारी होतो, तापट म्हणून प्रसिद्ध होतो, आणि त्याचा मला थोडा अभिमानही होता.

सकाळी अकराच्या सुमारास फोन आला. वसाहतीकडून शहरात येणारी जी मोठी गटारलाईन आहे, तिच्या एका चेंबरमध्ये सफाई कामगार बेशुद्ध पडला आहे. आम्ही पोहोचलो तोवर त्याला वर काढलं होतं. काढणारा माणूस होता त्यांचा मुकादम. साठीच्या जवळ आलेला, पांढरी दाढी, डोळे लालभडक, खोकून खोकून कमरेत वाकलेला. कमरेला दोर बांधून तो स्वतः अर्ध्यावर उतरला होता आणि आपल्या माणसाला बगलेत धरून वर आणलं होतं. कामगाराला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तपासून मान हलवली.

मुकादमाला अख्खं शहर चाचा म्हणायचं. नगरपालिकेत कायम, निवृत्तीला तीन महिने राहिलेले. मेलेला कामगार मात्र ठेकेदाराकडचा. तिशीतला, घरी बायको आणि दोन लेकरं. त्याला या कामावर आणलं चाचांनीच आणि शिकवलंही त्यांनीच.

दुपारी त्याची बायको ठाण्यात आली. रडत नव्हती. ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ उभी राहून तिनं एकच गोष्ट सांगितली, आणि ती सांगताना तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही.

"चाचांनी न बघता माझ्या माणसाला आत घातलं. बघितलं असतं तर ह्ये झालं नसतं. माझी तक्रार त्यांच्यावर हाय."

तक्रार नोंदवली. हलगर्जीपणामुळे मृत्यू. आरोपी म्हणून मुकादम आणि ठेकेदार. आता इथं कायद्याचं एक सांगतो. माणसाला गटारात उतरवायचंच नाही, असा कायदा आहे. गाळ ओढणारी गाडी असते, तिनं काम करायचं. पण गाडी दुरुस्तीला गेली होती, लाईन तुंबली होती, आणि "आजच्या आज मोकळी करा" असा ठेकेदाराचा मेसेज चाचांच्या मोबाईलवर होता. मास्क नाही, पट्टा नाही. ठेकेदाराचा वकील आला तो हेच घोकत आला की जागेवरची जबाबदारी मुकादमाची.

संध्याकाळी चाचांचा जबाब घ्यायला बसलो. मी प्रश्न विचारत होतो, माझा रायटर लिहून घेत होता.

"साहेब, उतरू दिलं ही माझी चूक. कबूल हाय," चाचा म्हणाले. "ती मी कुणावर ढकलत न्हाय. पर न बघता न्हाय उतरवलं. मागचं-पुढचं झाकण उघडून तासभर हवा खाऊ दिली. मग आरसा धरला."

"आरसा?"

"व्हय. फुटक्या आरशाचा तुकडा असतो माझ्यापाशी. उन्हात धरायचा, कवडसा खाली पाडायचा, बुडापातूर दिसतं. भिंतीला झुरळं व्हती. लय व्हती, लाल लाल, चालणारी. झुरळं हायत म्हंजी हवा हाय. आमच्यात झुरळं बघितल्याबिगर कोण उतरत न्हाय, साहेब."

रायटरनं पेन थांबवून माझ्याकडे पाहिलं. "साहेब, झुरळांचं पण लिहू?"

"जबाब लिही," मी खेकसलो, "कीर्तन नको."

तर जबाबात आलं ते एवढंच: झाकणं उघडून ठेवली होती, पुरेशी तपासणी केल्याचं मुकादम सांगतो. हाच तो गाढवपणा. तेव्हा मला तो कळला नाही, उलट मी लवकर घरी गेलो.

चाचांना अटक करून जामिनावर सोडलं आणि रोज ठाण्यात हजेरी लावली. नगरपालिकेनं निलंबित केलं. रोज दहाच्या ठोक्याला ते यायचे, ठाणे अंमलदाराच्या समोरच्या बाकावर बसायचे, पिशवीतला डबा मांडीवर. सही झाली तरी उठायचे नाहीत. एकदा मी विचारलं, "चाचा, सही झाली ना? जा की घरी."

"घरी गेलो तर त्याच गल्लीतनं जावं लागतं, साहेब. तिचं दार हाय तितं. ती दार लावून घेती." मग म्हणाले, "आजवर एक माणूस गमावला नव्हता मी. शेवटाला असं नाव घेऊन जायचं. न बघता माणूस मारला म्हणून. तुरुंगाचं काय न्हाय, तितं बी माणसंच असतात."

मला कीव आली, पण कीव येणं हा काही पुरावा नव्हे. पोस्टमॉर्टेममध्ये विषारी वायूनं मृत्यू असं आलं होतं. गटारात वायू असतोच. वरून सांगणं आलं की प्रकरण उघड आहे, दोषारोपपत्र लवकर पाठवा. मीही कागद जुळवायला घेतले होते.

आठव्या दिवशी ठाण्यात एक बाई आल्या. वसाहतीच्या तोंडाशी त्यांची खानावळ. वसाहतीतले निम्मे कामगार तिथं जेवतात आणि त्यांना मावशी म्हणतात. मावशींचा आवाज असा की दारातून बोलल्या तर कोठडीतल्या आरोपीलाही ऐकू जावं.

"साहेब कोन हाय हितं? मला तक्रार द्यायची हाय. न्हाय, तक्रार न्हाय, सांगायचं हाय."

मी बसा म्हटलं. त्या बसल्या नाहीत.

"आमच्या मोरीतनं सडक्या अंड्याचा वास येतो. वर्ष झालं. गिऱ्हाईक जेवता जेवता उठतं. नगरपालिकेत अर्ज दिला, त्यांनी औषध मारलं. कशाचं काय! आन् ह्यो वास रोज येत न्हाय बरं का. पाण्याच्या दिवशीच येतो."

बाहेरच्या वाचकासाठी सांगतो. आमच्या शहरात नळाला एक दिवसाआड पाणी यायचं. पाण्याचा दिवस म्हणजे घरोघरी धुणं, भांडी, अंगण धुणं, टाक्या भरणं. गटारं त्या दिवशी दुथडी वाहायची. मधला दिवस कोरडा.

"पाणी जास्त आलं की गटाराचा वास उसळतो, मावशी. त्यात काय?"

"मी काय खुळी हाय का?" मावशी उखडल्या. "गटाराचा वास मला म्हाईत हाय, जल्म गेला त्याच्यात. ह्यो येगळा. आन् पुढचं ऐका. ज्या दिवशी त्यो बिचारा गेला, त्या दिवशी पाणी आलंच नव्हतं. मोटार जळली व्हती. तरी वास आला. असा आला की मी चूल सोडून भायेर पळाले. आन् तवापासनं बंद! आठ दिस झालं, वास म्हणून न्हाय. आता सांगा, माणूस मेल्याचं वासाला कसं कळलं?"

खरं सांगतो, इतक्या वर्षांत मला खबरे पुष्कळ मिळाले, पण असा नेमका प्रश्न एकानंही विचारला नव्हता. वासाला कळत नाही. वास सोडणाऱ्याला कळतं. कुठंतरी पाणी मुरत होतं आणि मी दोषारोपपत्राला टाचण्या लावत बसलो होतो.

मी बाहेर आलो. चाचा बाकावर डबा सोडत होते.

"चाचा, ती लाईन मला दाखवाल? सगळी चेंबरं?"

त्यांनी डबा बंद केला. "आरसा हाय का म्हणून इचारा, साहेब," म्हणाले, आणि पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला तुकडा काढला. आठ दिवस तो आरसा रोज ठाण्यात येत होता आणि मी एकदाही पाहिला नव्हता.

ऊन चांगलं तापलं होतं. चाचा पुढे, मी, एक हवालदार आणि दोन पंच मागे. प्रत्येक झाकणावर चाचा आधी पहारीनं दोनदा ठोकायचे. का, विचारलं तर म्हणाले, "आतल्यांना जागं करायचं." मग झाकण सरकवायचं, बाजूला तोंड करून थांबायचं, आणि आरसा उन्हात धरून कवडसा आत सोडायचा. घरात लहान मुलं भिंतीवर खेळतात तसा तो कवडसा विटांवरून फिरायचा.

ज्या चेंबरमध्ये कामगार गेला त्यात झुरळं होती. पण सगळी मेलेली. आतल्या कठड्यावर वाळून थर झाला होता.

"त्या दिवशी सकाळी जिती व्हती," चाचा म्हणाले. "बघा, मी खोटं बोललो न्हाय."

आता मला कळेना की त्यांच्याकडे पाहावं कुठल्या तोंडानं. मी म्हटलं, "पुढचं उघडा."

वसाहतीच्या दिशेनं आम्ही लाईन चढत गेलो. पुढचं चेंबर, मेलेली. त्याच्या पुढचं, मेलेली. खानावळीमागचं, मेलेली. मावशी दारात उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या, पोळीचं लाटणं हातात. पुढे एका कारखान्याच्या मागच्या भिंतीशी एक चेंबर होतं, त्यातही मेलेली. त्याच्या पलीकडचं झाकण चाचांनी ठोकलं, सरकवलं आणि आरसा धरला. मग मला हाताने जवळ बोलावलं.

भिंत वळवळत होती. लाल लाल, मिशा हलवणारी, बोटाएवढी झुरळं. आयुष्यात झुरळं पाहून आनंद झाला तो त्याच दिवशी.

म्हणजे विष शिरलं ते त्याच्या अलीकडच्या चेंबरमध्ये, कारखान्याच्या भिंतीमागे. तिथं कारखान्याचा एक पाइप येऊन मिळत होता. त्याच्या तोंडाशी सिमेंट पांढरं पडून खापरीसारखं सुटत होतं. हवालदारानं पहारीचं टोक लावलं तर तुकडा गळून पडला. तिथल्या तिथं पंचनामा केला.

कारखाना लोखंडाचे सुटे भाग ॲसिडात बुडवून गंज काढून देणारा. असं वापरलेलं ॲसिडचं पाणी चुना घालून सौम्य करायचं आणि टँकरनं सामाईक प्रक्रिया केंद्राला पाठवायचं, अशी परवान्याची अट. शहराच्या गटारात सोडायला मुभा फक्त संडास-बाथरूमच्या आणि कँटीनच्या पाण्याची. मी प्रदूषण खात्याच्या अधिकाऱ्यांना बोलावून घेतलं. त्यांनी पाइपच्या तोंडाशी नमुना घेतला, ॲसिड ओळखायची कागदाची पट्टी बुडवली. पाणी साधं निघालं.

"आठ दिवस बंद ठेवलं असेल तर आज काय सापडणार?" ते म्हणाले. शांत, तरुण अधिकारी होता. त्यानंच मला समजावून सांगितलं. गटारातल्या जुन्या गाळावर ॲसिड पडलं की सडक्या अंड्याच्या वासाचा वायू उठतो. वरून भरपूर पाणी वाहत असेल तर पातळ होऊन निघून जातं, नुसता वास येतो. पाणी कमी असेल तर तोच वायू माणसाला दोन श्वासांत आडवा करतो.

मला तिथं उभ्या उभ्या सगळं दिसलं. दिसणं आणि सिद्ध होणं यात मात्र कोर्टाएवढं अंतर असतं.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. मॅनेजर गोड माणूस. खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या, चहा. रजिस्टरं अशी नीटनेटकी की शाळेत लावावीत. एकेका टँकरची पावती, एकेका दिवसाची नोंद.

"आमचा एक थेंब बाहेर जात नाही, सर. शहराची ड्रेनेज व्यवस्था जुनी आहे, त्याला आम्ही काय करणार? खरं तर आम्हालाच त्या वासाचा त्रास होतो."

चोराच्या उलट्या बोंबा. पण मी चहा घेतला. साहेब चहा पितोय म्हटल्यावर माणसं सैल होतात, हे मी शिकाऊ होतो तेव्हापासून जाणतो. मी म्हटलं, तुमचं पाणी साफ करायचं युनिट तेवढं दाखवा.

युनिट म्हणजे एक टाकी, दोन पंप आणि एक पत्र्याची खोली. खोलीत ऑपरेटर होता. चाळिशीचा, अंगानं बारीक, टोपी घातलेला, नजर जमिनीवर. भिंतीवर कॅलेंडर होतं. त्यावर पेन्सिलीनं बारीक बरोबरच्या खुणा. एक दिवस सोडून एक दिवस. आणि शेवटची खूण होती कामगार गेला त्या तारखेवर. त्यानंतर पान कोरं.

मी खुणेवर बोट ठेवलं. "हे काय?"

मॅनेजर म्हणाले, "फिल्टर धुण्याचे दिवस आहेत ते."

त्याच क्षणी ऑपरेटरही बोलून गेला, "घरी पाणी यायचं वार हायत, साहेब."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मी कुणाकडेच पाहिलं नाही. "असू द्या," म्हणालो. "हवालदार, पंचांना आत बोलवा. हे कॅलेंडर जप्त करा."

ठाण्यात येऊन नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्याचं रजिस्टर मागवलं आणि कॅलेंडरशेजारी ठेवलं. मागच्या महिन्याचं पान आणि चालू महिन्याचं पान. एकेक खूण एकेका पाण्याच्या दिवसावर बसत होती. चुकत होती ती एकच, शेवटची. त्या दिवशी पाणी येणार होतं, पण मोटार जळाली म्हणून आलं नाही. शहरात रिक्षा फिरवून पुकारा केला होता. वसाहतीत रिक्षा गेली नव्हती, कारण वसाहतीला पाणी वेगळ्या लाईनचं.

संध्याकाळी ऑपरेटरला चौकशीला बोलावलं. लोकांना वाटतं पोलीस म्हणजे पट्टा आणि आरडाओरडा. माझा स्वभाव तापट होता, नाही म्हणत नाही. पण चौकशीत मी कधी आवाज चढवला नाही. रागावलेल्या माणसापुढे आरोपी सावध होतो. मी त्याला बसायला सांगितलं, पाणी दिलं.

"गाव कुठलं तुमचं?"

"निमगाव केतकी."

"रोज जाऊन-येऊन करता?"

"व्हय. मोटारसायकल हाय."

"शेती आहे?"

"थोडी हाय. पानमळा हाय." पहिल्यांदाच त्यानं वर पाहिलं. पानमळ्याविषयी विचारलं की निमगावचा माणूस बोलतोच. वेल कशी बांधतात, कुठलं पान कुठल्या बाजारात चालतं, त्यानं मला सगळं सांगितलं. त्याचे हात बोलताना वेलीसारखे हलत होते. मीही मनापासून ऐकलं, कारण ते ऐकण्यासारखं होतं.

"पानमळ्याला पाणी लागत असेल भरपूर?"

"लागतं तर! सारखा ओलावा पायजे."

"कुठलं देता?"

"विहिरीचं. आमची विहीर बारमाही हाय, साहेब. घरादाराला पुरून उरतं. निम्मी आळी आमच्यातनं नेती."

मी कॅलेंडर टेबलावर उलगडलं.

"मग घरी पाणी यायचे वार कशाला लिहून ठेवता?"

टोपी काढून त्यानं गुडघ्यावर ठेवली, परत घातली, परत काढली. मी घाई केली नाही. दुसऱ्यानं काही विचारलं नाही तर माणूस स्वतःलाच विचारतो. बाहेर बाकावर चाचा खोकत होते, तो खोकला आत ऐकू येत होता.

"कोण खोकतंय?" त्यानं विचारलं.

"त्या दिवशी चेंबरमध्ये उतरून ज्यांनी मेलेल्या माणसाला वर काढलं, ते. त्यांच्यावर मी गुन्हा दाखल केलाय. न बघता माणूस मारला म्हणून."

त्याच्या तोंडून एकच वाक्य आलं, आणि ते बोलताना त्याचा चेहरा रडवेला झाला. "पाणी आलं असतं तर त्यो वाचला असता, साहेब."

मग बांध फुटल्यागत सगळं बाहेर पडलं. कारखान्यानं काम दुप्पट केलं आणि टाकी मात्र तेवढीच ठेवली. टँकर यायच्या आत ती भरून वाहायची. मॅनेजरनं कँटीनच्या पाइपला चोरून जोड काढून दिला आणि सांगितलं, शहरात पाणी येईल त्या दिवशी साडेदहाला सोडायचं, म्हणजे धुण्या-भांड्याच्या पाण्यात कुणाला पत्ता लागत नाही. दुसऱ्या पाळीनं परत सोडू नये म्हणून हा कॅलेंडरवर खूण करायचा. हा निमगावचा, शहरातले पाण्याचे दिवस त्यानं कधी कुणाला विचारले नाहीत. एक आड एक मोजायचा. वर्षभर हिशेब चुकला नाही. त्या दिवशी शहराची मोटार जळाली आणि तिथं त्याची मोजणी फसली.

आणि नेमकी त्याच सकाळी, अवचित कोरडा दिवस मिळाला म्हणून चाचांनी तुंबलेली लाईन साफ करायला काढली होती. ड्रेनेजची माणसं पाण्याच्या दिवशी कधीच लाईनला हात लावत नाहीत. म्हणूनच वर्षभर सोडणारे आणि उतरणारे एकाच दिवशी समोरासमोर आले नव्हते.

ऑपरेटरनं जागा दाखवायची तयारी दाखवली. पंचांसमोर त्याचं निवेदन लिहून घेतलं आणि दिवसाउजेडी त्याला घेऊन कारखान्यात गेलो. कँटीनच्या भांडी घासायच्या दगडाखाली व्हॉल्व्ह होता. ऑपरेटरनंच पहार लावून दगड बाजूला सरकवला. पाइपच्या वाकणात साचलेलं पाणी प्रदूषण अधिकाऱ्यांनी बाटलीत घेतलं, पट्टी बुडवली, ती लालभडक झाली. मॅनेजर तिथंच होते. आदल्या दिवशी नाकानं कांदे सोलणारा माणूस, आता त्या व्हॉल्व्हकडे बघत होता. मी त्यांना एवढंच विचारलं, "फिल्टर धुण्याचे दिवस म्हणालात ना?" हे बोलायची गरज नव्हती. पण बोललो, आणि बरं वाटलं.

मॅनेजर आणि मालक आरोपी झाले, ऑपरेटरही झाला. ठेकेदारावर माणूस उतरवल्याचं कलम वेगळं लागलं आणि तो सुटला नाही. आरोपींच्या यादीतून चाचांचं नाव काढून त्यांना साक्षीदार करण्याचा अहवाल मी पाठवला. तो मंजूर झाला. आता राहिला होता मयताच्या बायकोचा पुरवणी जबाब, कारण मूळ तक्रार चाचांच्या नावानं तिचीच होती.

तिला ठाण्यात बोलावलं. ती आली तेव्हा चाचा बाकावर होते. तिनं मान फिरवली आणि आत येऊन उभी राहिली. मी तिला कारखाना, ॲसिड, पाइप, जळालेली मोटार, सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, पण चेहरा तसाच.

"सोडणाऱ्यांनी सोडलं आसंल," ती म्हणाली. "पर चाचांनी बघितलं का न्हाय, ते कुठं कळलं?"

मी म्हटलं, "बघितलं होतं. झाकणं तासभर उघडी होती. आरसा धरून त्यांनी झुरळं..."

"काय?" ती एकदम पुढे आली. "झुरळं? झुरळांचं कोण म्हणालं?"

"चाचा म्हणाले. पहिल्याच दिवशी."

ती तशीच वळली आणि दाराबाहेर गेली. मी मागोमाग. चाचा तिला बघून उठून उभे राहिले, डबा खाली पडला.

"आरसा धरला व्हता?" तिनं विचारलं.

"धरला व्हता, पोरी."

"झुरळं व्हती?"

"लय व्हती. भिंतभर. त्यानं बी वाकून बघितली. हसला. म्हणाला, चाचा, आज तर लगीनघर हाय."

ती मटकन त्याच बाकावर बसली आणि त्या दिवसापासून पहिल्यांदा रडली. पदर तोंडात धरून, अंग हलवून. रडता रडता बोलत होती. "रोज घरी आलं की सांगायचं. आज एवढी व्हती, आज तेवढी व्हती. मी म्हणायची, जेवताना नगा सांगू. मला म्हणायचं, अगं, ती दिसली म्हंजी मी माघारी आलो म्हणून समज." मग तिनं डोळे पुसले आणि चाचांकडे पाहिलं. "म्हंजी ते भिऊन न्हाय उतरलं. बिनघोर उतरलं."

"बिनघोर," चाचा म्हणाले.

मग ती माझ्याकडे वळली. आवाज चढवला नाही, पण मला तो अजून ऐकू येतो. "साहेब, ह्ये पहिल्याच दिवशी कुणी सांगितलं असतं, तर मी ह्यांचं नाव तक्रारीत ठिवलंच नसतं. त्याच दिवशी मागं घेतलं असतं."

कुणी सांगायला हवं होतं? मीच. चाचांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते कीर्तन म्हणून गाळलं होतं. एका म्हाताऱ्या माणसाचे बाकावरचे दिवस आणि एका बाईचं लावून घेतलेलं दार, हे दोन्ही माझ्या खात्यात आहेत. त्यावर कुठला विभागीय चौकशी अहवाल नाही.

मी तिला आणि चाचांना दोघांनाही आत बसवलं आणि रायटरला नवा कागद घ्यायला लावला. चाचांनी परत पहिल्यापासून सांगितलं. झाकणं, तास, आरसा. तिथं आल्यावर रायटरचं पेन थांबलं आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"लिही," मी म्हणालो. "झुरळांसकट लिही. लाल होती, चालत होती, भिंतभर होती. मयत हसला, तेही लिही."

पुढे खटला उभा राहिला तेव्हा हीच ओळ कामाला आली. सकाळी हवा चांगली होती आणि विष नंतर आलं, हे कोर्टाला त्या ओळीवरून कळलं. चाचा पुन्हा कामावर घेतले गेले आणि निवृत्त झाले ते ताठ मानेनं. निरोपसमारंभाला मी गेलो होतो. पहिल्या रांगेत ती बाई होती, दोन्ही लेकरं घेऊन.

निवृत्तीनंतर कधीकधी नव्या अधिकाऱ्यांपुढे बोलायला मला बोलावतात. मी त्यांना कलमं सांगत नाही, ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात. मी एवढंच सांगतो, की जबाब घेताना समोरच्याचं एखादं वाक्य ऐकून हसू आलं तर पेन खाली ठेवा, मनसोक्त हसून घ्या, आणि मग पेन उचलून तेच वाक्य आधी लिहा.